सोजरबाईंची राखण

सोजरबाई पाखरांना ओळखतात ते त्यांच्यावर ढेकळं मारून. नावं त्यांना फारशी येत नाहीत. हे कोणतं पाखरू असं विचारलं, तर त्या सांगतात की हे कणसाच्या शेंड्याला बसतं, हे बुडाला लटकतं, हे एकटं कधी येत नाही, आणि हे हट्टी, याला दोन ढेकळं लागतात. आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत दर भाद्रपदात त्या वडिलांच्या बाजरीत माळ्यावर उभ्या असत. चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेला माळा, हातात गोफण, आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत हाकारे. सोजर राखणीला असली की कणसाला चोच लागत नाही, असं त्यांच्या माहेरी म्हणायचे. हे त्या स्वतः सांगत नाहीत. त्यांच्या सुनेनं, प्रेमलावहिनींनी, मला सांगितलं.

मी त्यांची भाडेकरू. खराडी गावठाणाच्या कडेला त्यांचं दुमजली घर आहे. खाली ते राहतात, आणि वरच्या दोन खोल्यांपैकी एक माझी. मी सेन्सर तपासायच्या कामाला लागले होते आणि कंपनी तिथून चालत बारा मिनिटांवर होती. माझे वडील जालन्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळे शेत मी बसच्या खिडकीतून पाहिलेलं. बाजरी आणि ज्वारी यांतला फरक मला ताटातच कळायचा.

घराच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, एक पट्टा उरला आहे. लांबी पंधरा पावलं, रुंदी आठ. कोपऱ्यात कागदी लिंबाचं झाड, आणि बाकी जागेत सोजरबाईंची बाजरी, मोजून सात ओळी. शेत गेलं तेव्हापासून त्या दरवर्षी एवढीच पेरत आल्या आहेत. भाकरीसाठी नाही. भाकरीचं पीठ प्रेमलावहिनी दुकानातून आणतात. ही बी धरण्यासाठी. सोजरबाईंच्या लग्नात त्यांच्या आईनं त्यांच्या पदराला बाजरीच्या बियाण्याची गाठ मारून दिली होती. केसाळ कणसाची, तांबूस दाण्याची, उशिरा येणारी बाजरी. तिचं बी दरवर्षी पेरायचं, चांगली कणसं निवडायची, त्यांचा दाणा राखेत घोळवून गाडग्यात भरायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरायचा. अठ्ठावन्न वर्षं ते चाललं होतं.

मी राहायला गेले त्या वर्षी ते थांबायची वेळ आली होती. आदल्या भाद्रपदात सोजरबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. राखणीला बसता येईना म्हणून त्यांनी कणसांना जुन्या लुगड्याची फडकी बांधायला लावली. पुढे पंधरा दिवस पाऊस लागला आणि फडक्यात दाणा काळा पडला. एक कणीस बियाण्याजोगं निघालं नाही. गाडग्याच्या तळाशी त्याच्या आधीच्या वर्षीचं मूठभर बी होतं, त्यालाही किडे लागलेले. त्यातलं कोणतं उगवेल ते सांगता येईना, म्हणून सोजरबाईंनी सगळीच मूठ पेरली. तेव्हा त्या सात ओळींत जी पन्नास-साठ रोपं उभी होती, त्यांच्याबाहेर ती बाजरी जगात कुठे होती की नव्हती, कोणाला ठाऊक नव्हतं.

दुसरी अडचण भिंतीपलीकडे होती. पलीकडे नवी इमारत झाली होती आणि पहिल्या मजल्यावर श्यामलाताई राहायला आल्या होत्या. सगळा जन्म कसबा पेठेत गेलेला, मुलींच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलेलं, आणि आता मुलाच्या नोकरीपायी खराडीत. त्यांची गॅलरी बरोबर आमच्या बाजरीवर यायची. गॅलरीच्या कठड्यावर त्यांनी पाण्याचा मातीचा वाडगा ठेवला होता आणि रोज पूजा झाली की आठ वाजता त्या तांदळाच्या कण्या घालायच्या. चिमण्या, साळुंक्या, पारवे, सगळे यायचे. आणि कण्या संपल्या की खाली बघायचे.

म्हणजे एक बाई पाखरं बोलावत होती आणि दुसरी हाकलत होती, मध्ये एक भिंत.

ऑगस्टच्या शेवटी बाजरी निसवली, कणसं बाहेर पडली, आणि सोजरबाई सकाळी सहाला खुर्ची टाकून मागे बसू लागल्या. त्यांचा हाकारा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा बिछान्यातून उठून उभी राहिले होते. एवढ्याशा देहातून तो आवाज कसा निघतो, मला अजून कळलेलं नाही. तिसऱ्या दिवशी श्यामलाताईंच्या मोलकरणीनं, शकूनं, एक चिठ्ठी आणून दिली. सोजरबाईंना वाचता येत नाही, म्हणून मी वाचली. त्यात लिहिलं होतं, ‘आपला आवाज उत्तम आहे. तो आम्हाला पाठही झाला आहे. आता सात वाजेपर्यंत विश्रांती घेतल्यास चालेल.’

सोजरबाईंनी ती शांतपणे ऐकली आणि मला विचारलं, “बाई मास्तरीण हाय न्हवं?”

मी हो म्हटलं.

“तरीच. सात वाजेपर्यंत पाखरांनी काय करायचं ते लिवलं न्हाई.”

त्यांनी हाकारा सोडला नाही, उलट दुसऱ्या दिवसापासून पत्र्याचा डबाही वाजवू लागल्या. तो जास्त कर्कश होता. चिठ्ठी पुन्हा आली नाही.

त्या दिवसांत मी रोज कामावर जाण्याआधी अर्धा तास मागे बसायचे. बाजरी फुलोऱ्यात होती. सकाळी ऊन यायच्या आत मधमाश्या यायच्या आणि कणसावरून पिवळी धूळ उडायची. सोजरबाई त्यांना कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. पण एक दिवस कणसांवर काळे-तांबडे भुंगेरे दिसले, चांगले बोटाच्या पेराएवढे लांब. त्या म्हणाल्या, हे हिंगे, फुलोरा खातात, दाणा भरू देत नाहीत. मी उत्साहानं उठले आणि चार-पाच भुंगेरे बोटांनी उचलून डब्यात टाकले. त्या ओरडेपर्यंत उशीर झाला होता. संध्याकाळी माझ्या दोन बोटांवर पाण्यानं भरलेले फोड होते. सोजरबाईंनी खोबरेल लावलं आणि विचारलं की कालेजात काय शिकवतात. त्या स्वतः हिंगे पळसाच्या पानात धरायच्या. माहेरी बांधावर शेणी पेटवून धूर करायचे, इथे शेजारच्या इमारतीत गजर वाजेल म्हणून करता येत नाही, असं त्या म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनाही कळत नव्हती. लिंबाकडच्या ओळीतली बाजरीची पानं कोणीतरी चिरत होतं. कडेनं लांब, सरळ पट्ट्या काढल्यासारखी. नाकतोडा असा खात नाही, त्या म्हणायच्या, नाकतोडा कुरतडतो. हे कोणीतरी मोजून नेतंय.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाणा चिकात आला. दाणा दाबला की दूध निघतं, तो काळ. राखणीचा खरा काळ हाच, कारण पाखरांना वाळल्या दाण्यापेक्षा हा प्रिय. थवे उतरायला लागले. सोजरबाईंचा गुडघा सुजला. दुपारी त्या आत जाऊन पडल्या की तेवढ्या तासात एका कणसाचा शेंडा उघडा व्हायचा. प्रेमलावहिनी म्हणाल्या, आत्या, जाळी लावू. पण जाळीत मागे एकदा कोतवाल पक्षी अडकून मेला होता आणि सोजरबाईंनी ती जाळी चुलीत घातली होती.

मग मला सुचलं. शहरात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून मी हालचाल टिपणारे चार सेन्सर, एक छोटी मोटर आणि एक बॅटरी आणली. मुठीएवढ्या पाखराची ऊब लांबून टिपली जात नाही, म्हणून सेन्सर अगदी कणसांच्या उंचीवर काठ्यांना बांधले. पाखरू उतरलं की मोटर फिरायची आणि नटबोल्ट भरलेला डबा खडखडायचा. पहिल्याच दिवशी पाखरांनी पाठ फिरवली. सोजरबाई खुर्चीत बसून बघत राहिल्या. दुपारी त्यांनी शेजारच्या बायकांना बोलावून दाखवलं. आमच्या पोरीनं राखणदार ठेवलाय, म्हणाल्या, जेवायला मागत न्हाई. मला इतकं बरं वाटलं की रात्री आईला फोन करून मी सगळं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता. मी सकाळी नऊला खाली आले, तर सोजरबाई उभ्या होत्या. खुर्चीत नाही, उभ्या. त्यांचं लक्ष बाजरीकडे नव्हतं, वर होतं. श्यामलाताईंच्या गॅलरीखालच्या केबलवर दोन बारकी तपकिरी पाखरं बसली होती. छातीवर खवल्यांसारखी नक्षी. ती खाली यायची, डबा खडखडायचा, ती उडायची, आणि फिरून त्याच केबलवर बसायची.

मी म्हटलं, बघा, येऊच शकत नाहीत.

सोजरबाईंनी मला डबा बंद करायला सांगितलं. मी बंद केला. शांत झालं तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं. लिंबाच्या झाडातून बारीक, चिरकी, तुटक चिवचिव येत होती. डब्याच्या आवाजात ती दोन दिवस आम्हाला ऐकूच आली नव्हती. लिंबाच्या काट्यांत, माझ्या डोक्याच्या उंचीवर, गवताचा एक गोळा होता, बाजूला भोक असलेला. बाजरीच्या पानांच्या पट्ट्या त्यात विणलेल्या होत्या.

“भुकेलं पाखरू हाकललं की दुसऱ्याच्या शेतात जातं,” सोजरबाई म्हणाल्या. “पोरांचं पाखरू फिरून तिथंच येतं.”

मग खुर्चीत बसून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी प्रेमलावहिनींनाही ठाऊक नव्हती. त्या दहा-अकरा वर्षांच्या असताना माळ्यावर असंच एक पाखरू येत होतं. हाकललं की बांधावरच्या बाभळीवर बसायचं आणि पुन्हा यायचं. दिवसभर. वडील संध्याकाळी कणसं बघायला येणार होते. सोजरला राग आला आणि तिनं नेम धरून मारलं. ते पडलं. नेम चुकत नसे. मग दिवस मावळेपर्यंत त्या बाभळीतून आवाज येत राहिला. वडिलांनी पाठीवर थाप मारून शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी आवाज आला नाही. “तवापासनं मला कळतं,” त्या म्हणाल्या, “कंचं पाखरू कशापायी आलंय. कळत हुतं तरी मारत हुते. काम हुतं ते.”

मी विचारलं, मग आता काय करायचं. बी तर एवढंच आहे.

त्या उठून लिंबाकडच्या सातव्या ओळीपाशी गेल्या आणि तिथल्या काठीचा सेन्सर स्वतःच्या हातानं सोडला. बाकीचेही मला काढायला लावले, कारण डबा एकदा खडखडला की लिंबापर्यंत घाबरवतो. सातवी ओळ लिंबवाल्यांची, असं त्यांनी ठरवलं. उरलेल्या सहा ओळी पहिल्यासारख्या राखायच्या. हाकारा हळू, हातवारे जास्त. थवा आला तर उठवायचा, ही दोघं आली तर तोंड फिरवायचं.

मी कंपनीतल्या कॉम्प्युटरवर शोधून त्या पाखराचं नाव काढलं. ठिपकेदार मनोली. आईबाप दोघंही भरवतात, कोवळा दाणा पोटात मऊ करून पिलांच्या चोचीत घालतात. सोजरबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, नाव बरं हाय, लेकीला ठेवण्यासारखं.

पण सांगणं सोपं होतं. चिमण्यांचा थवा वीस-पंचवीसचा, त्यांना सहा ओळी आणि सातवी ओळ यांतला फरक कोण समजावणार? त्या पहाटे उपाशी यायच्या आणि सरळ बाजरीत उतरायच्या, कारण वरच्या कण्या आठ वाजता पडायच्या. सोजरबाईंच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी मला श्यामलाताईंकडे पाठवलं. निरोप असा की कण्या आठऐवजी सहाच्या आत घालाल का, म्हणजे चिमण्या तुमच्याकडे जेवतील.

मी जिना चढताना वाक्यं जुळवत होते. श्यामलाताई पेपर वाचत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “म्हणजे तुमची बाजरी वाचावी म्हणून मी पहाटे पाचला उठून पाखरांचा स्वयंपाक करायचा. छान. आणखी काही? धुणं पाठवताय का?”

मी पिलांचं सांगितलं. त्यांनी गॅलरीत येऊन लिंबाकडे पाहिलं, पण वरून घरटं दिसत नव्हतं. बघू, म्हणाल्या आणि पेपर उचलला. मी खाली येऊन सांगितलं की त्या काही करणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला कठड्यावर कण्या पडल्याचा आवाज आला, आणि नेहमीच्या दुप्पट.

पुढचे आठ दिवस नीट गेले. चिमण्या वर, मनोली खाली, सोजरबाई मध्ये. सातव्या ओळीतली कणसं वरून खाली रिकामी होत गेली. त्यातली दोन कणसं फार सुरेख होती, भरघोस, नेमकी बियाण्याजोगी. सोजरबाई त्यांच्याकडे बघायच्या आणि मग दुसरीकडे बघायच्या. एकदा त्यांचा हात डब्याकडे गेलेला मी पाहिला. वाजवला नाही.

पुढच्या रविवारी दुपारी मी जिन्यात पुस्तक घेऊन बसले होते. सोजरबाई खुर्चीत सुतळीची गोफण विणत होत्या. हाताला काम हवं म्हणून, मारायला नव्हे, असं त्यांनी प्रेमलावहिनींना सांगितलं होतं. इतक्यात वरून श्यामलाताईंचा आवाज आला. तो मी कधी न ऐकलेला, हळू आणि आनंदी होता.

“सोजरबाई, भारद्वाज. तुमच्या भिंतीवर. अहो, हलू नका, दर्शन घ्या.”

काळाभोर अंगाचा, विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा मोठा पक्षी भिंतीवरून पावलं टाकत चालला होता. श्यामलाताईंनी गॅलरीत हात जोडले होते. भारद्वाज दिसणं शुभ, हे मलाही माहीत होतं. बारावीच्या परीक्षेला जाताना आईनं मला एकदा मुद्दाम थांबवून दाखवला होता. मीही उठून उभी राहिले.

सोजरबाईंनी वर पाहिलं. त्या त्याला कुंभारकावळा म्हणतात. तो भिंतीच्या टोकाला आला, तिथून लिंबात शिरला, आणि काट्यांतून वाकत गवताच्या गोळ्याकडे सरकू लागला. दोन्ही मनोली किंचाळत त्याच्याभोवती उडाल्या. तेव्हा मला कळलं तो कशाला आला आहे.

पुढचं फार पटकन झालं. सोजरबाईंनी वाफ्यातलं ढेकूळ उचललं, अर्धवट विणलेल्या गोफणीत घातलं आणि दुखऱ्या गुडघ्यावर उभ्या राहून गोफण फिरवली. पहिलं ढेकूळ भिंतीवर फुटलं. भारद्वाज दचकला, पण चोचीनं त्यानं गोळा उसवायला सुरुवात केली होती. काहीतरी लहान खाली पडलं. दुसरं ढेकूळ सुटलं ते फांदीला घासून वर गेलं आणि श्यामलाताईंच्या कठड्यावरच्या मातीच्या वाडग्यावर बसलं. वाडगा फुटला, पाणी आमच्या अंगणात सांडलं. भारद्वाज जड पंखांनी उडून इमारतीमागे गेला.

प्रेमलावहिनी कणकेच्या हातानं दारात आल्या होत्या. वर श्यामलाताईंचे हात अजून जोडलेलेच होते.

“भारद्वाजाला मारलंत,” त्या म्हणाल्या.

सोजरबाई लिंबाखाली वाकल्या. मी गेले तेव्हा त्यांच्या तळहातावर एक पिलू होतं, पिसं फुटत आलेलं, मान लोंबती. ते गेलं होतं. घरट्याला बोटभर चीर पडली होती आणि आतून बारीक आवाज येत होता. मी मोबाईलच्या उजेडात पाहिलं. चार चोची होत्या.

पाच मिनिटांनी मागचं फाटक वाजलं. श्यामलाताई आल्या होत्या. इतक्या दिवसांत आमच्या अंगणात त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. वाडग्याची भरपाई मागायला आल्या असाव्यात असं प्रेमलावहिनींना वाटलं, आणि त्या आधीच बोलू लागल्या, की आत्यांचं वय झालंय, आम्ही नवा वाडगा आणून देऊ. श्यामलाताईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या सोजरबाईंच्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी टाचा उंचावून घरट्याच्या चिरेतून आत पाहिलं आणि चष्मा पुसला.

“चाळीस वर्षं मुलींना सांगितलं,” त्या म्हणाल्या, “भारद्वाज दिसला की पेपर सोपा जातो.”

सोजरबाईंनी पिलू लिंबाच्या बुडाशी ठेवलं आणि त्यावर माती लोटली. मुंग्या लागू नयेत म्हणून माती दाबताना त्या म्हणाल्या, “त्याला बी पोरं असतील, मास्तरीणबाई. पर आमच्या हितं न्हाई.”

श्यामलाताईंनी विचारलं, तो पुन्हा येईल का. येईल, सोजरबाई म्हणाल्या, चव लागलेला येतोच. श्यामलाताईंनी घड्याळ पाहिलं, कपडे धुवायचा दगड पदरानं झटकला, त्यावर बसल्या आणि सोजरबाईंना म्हणाल्या, “तुम्ही जाऊन पडा. पाय बघा केवढा सुजलाय. मला परीक्षेच्या हॉलवर तीन-तीन तास बसायची सवय आहे.”

अशी त्यांची पाळी लागली. दुपारी एक ते चार श्यामलाताई, बाकी वेळ सोजरबाई. भारद्वाज दोनदा आला. दोन्ही वेळा श्यामलाताईंची पाळी होती. त्यांना गोफण येत नव्हती आणि त्याला मारायला हातही उचलत नव्हता, म्हणून त्या उठून त्याच्या आणि लिंबाच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवल्या. “माफ करा, पण निघा,” असं त्या त्याला म्हणाल्याचं शकूनं मला सांगितलं. त्या दोघी आपसात काय बोलायच्या, मला ठाऊक नाही. मी ऑफिसात असायचे. एकदा लवकर आले, तर श्यामलाताई बाजरी किती दिवसांची असते ते विचारत होत्या, आणि सोजरबाई कसबा पेठेत वैरण कुठे मिळायची ते विचारत होत्या.

नवव्या दिवशी पिलं बाहेर आली. मी घरी होते, ताप आल्याचं खोटं कळवून. एकामागून एक, चौघं, लिंबाच्या फांदीवर ओळीनं बसली. रंग फिका तपकिरी, छातीवर अजून नक्षी नाही. आईबापांनी केबलवरून हाका मारल्या. तीन उडाली. चौथं भिंतीपर्यंत गेलं आणि तिथे पंख पसरून बसलं. मी, सोजरबाई आणि श्यामलाताई, तिघी जागच्या हललो नाही. सोजरबाई अगदी हळू आवाजात त्याला जा म्हणाल्या. ते गेलं.

बाजरी आणखी पंधरा दिवसांनी वाळली. सातव्या ओळीत नुसत्या काड्या उरल्या होत्या. बाकीच्या सहा ओळींतली निम्मी कणसं शेंड्याला उघडी होती. सोजरबाईंनी एकेक कणीस हातात घेऊन, फुंकर मारून, उन्हाकडे धरून पाहिलं आणि बियाण्याजोगी अकरा निवडली. ती सुपात चोळली, पाखडली. तांबूस दाण्याचा ढीग झाला तो माझ्या दोन ओंजळींएवढा. प्रेमलावहिनी राख आणि गाडगं घेऊन आल्या.

सोजरबाईंनी गाडगं बाजूला ठेवायला सांगितलं. जुन्या लुगड्याची चार फडकी फाडून त्यांनी ढिगाचे चार वाटे केले. पूर्वी गावात असंच करायचे, म्हणाल्या. कोणाचं बी बुडालं तर शेजाऱ्याकडे असायचं. मग हळूहळू शेजाऱ्यांनी पेरणं सोडलं आणि सोजरबाईंनी सगळं आपल्याच गाडग्यात ठेवलं. चूक तिथं झाली. एक वाटा त्यांनी गाडग्यात टाकला. एक माहेरी भाच्याकडे पाठवायचा. तिसरा त्यांनी श्यामलाताईंच्या हातात दिला.

श्यामलाताई म्हणाल्या की त्यांच्याकडे फक्त चार कुंड्या आहेत, आणि त्यातल्या एकीत गवती चहा आहे.

“तिनात पेरा,” सोजरबाई म्हणाल्या.

चौथी पुरचुंडी त्यांनी माझ्यापुढे धरली. माझ्याकडे जमीन नाही, मी म्हटलं. खोलीसुद्धा तुमची. तुझ्या आईकडं हाय न्हवं क्वार्टरमागं जागा, त्या म्हणाल्या. मी कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. दिवाळीला जाशील तवा ने. बॅगेत कोंबू नको, बी गुदमरतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी जालन्याची गाडी धरली. बॅग वर टाकली आणि पुरचुंडी मांडीवर घेऊन बसले. नगरच्या पुढे शेजारच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी बराच वेळ माझ्या हाताकडे पाहिलं आणि शेवटी काय आहे ते विचारलं. बाजरीचं बी, मी म्हटलं. त्यांनी तळहात पुढे केला. मी गाठ सोडून दोन दाणे त्यावर ठेवले. एक त्यांनी दाताखाली धरून फोडला, आवाज ऐकला, आणि चांगली वाळलीय म्हणाले. दुसरा दाणा त्यांनी परत फडक्यात टाकला आणि मी गाठ मारेपर्यंत फडक्याची टोकं धरून ठेवली.